लग्नाच्या स्वागतसमारंभाचं खाणंपिणं कसं ठरवावं: सुरुवात शेवटच्या पाहुण्याच्या ताटापासून

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वागतसमारंभाची जेवणाची यादी मी केली होती. सव्वीस पदार्थ होते. यादी वाचून घरातले सगळे खूश झाले आणि मीही झाले. समारंभाच्या रात्री साडेनऊला आईची मावशी जेवायला उठली. ती शाकाहारी. तिच्यामागे मी उभी होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या भांड्यात तळाला लागलेला मसाला, दुसऱ्यात नुसतं तेल, तिसऱ्यावर झाकण. मावशीने मोठ्या डावाने भांड्याच्या कडा खरवडल्या, मग भात वाढून घेतला आणि मागे वळून म्हणाली, "राहू दे गं, भात आहे ना, पुरे मला." पलीकडे सामिष पदार्थांची तीन भांडी अर्धी भरलेली होती.

त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच समारंभांचं जेवण ठरवायला मी बसले आहे. दर वेळी एकच प्रश्न आधी विचारते: शेवटी जेवायला उठणाऱ्या पाहुण्याच्या ताटात काय पडेल? पहिल्या पाहुण्याला मिळालं तेच, तितकंच गरम आणि तितकंच पुरेसं त्याला मिळायला हवं. खाली लिहिलेलं सगळं याच प्रश्नातून आलं आहे. क्रमही मुद्दाम असाच ठेवला आहे, कारण पदार्थांची नावं बरीच उशिरा ठरवायची असतात.

पहिली पायरी: वेळ आणि मुक्काम

पाहुणे किती वाजता येणार, किती वेळ थांबणार आणि त्याआधी शेवटचं कधी खाल्लेलं असणार, या तीन गोष्टी कागदावर लिहा. दुपारी चारला सुरू होऊन सहाला संपणाऱ्या समारंभात हलकं खाणं आणि पेयं पुरतात. संध्याकाळी सात ते दहाच्या समारंभाला लोक जेवणाच्या अपेक्षेनेच येतात. तिथे छोटे छोटे घास फिरवून भागत नाही. पूर्ण जेवण देणार नसाल तर निमंत्रणातच 'अल्पोपाहार' असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा काही नाही. उपाशी आलेल्या माणसाला ऐन वेळी कळणं जास्त वाईट.

लग्नविधी आणि स्वागतसमारंभ यांच्यात तीन-चार तासांचा अवकाश असेल, तर दुरून आलेल्यांच्या मधल्या भुकेची सोय वेगळी करा. ती केली नाही तर स्टार्टरवर पहिल्या पंधरा मिनिटांत झुंबड उडते आणि उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला रिकामे ट्रे येतात.

दुसरी पायरी: माणसं मोजणं

'अंदाजे तीनशे' हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. एक तक्ता करा: नाव, मोठी माणसं किती, लहान मुलं किती, शाकाहारी किती, काय चालत नाही, निश्चित कळवलं का. दहा वर्षांखालच्या मुलाचं अर्धं ताट धरा. अगदी तान्ह्या बाळांचं ताट धरायचं नाही, पण त्यांच्या आयांना बसायला जागा आणि गरम पाणी लागतं, तेही नोंदवा.

निश्चित येणारे, बहुधा येणारे आणि बहुधा न येणारे असे तीन गट पाडा. केटररला आकडा देताना पहिला गट पूर्ण, दुसऱ्यातले तीन चतुर्थांश आणि तिसऱ्यातले अगदी थोडे धरावेत, असा माझा अनुभव आहे. मात्र दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला आठवडाभर आधी एक फोन करा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्याने आकडा जितका पक्का होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही.

या तक्त्यात हमखास राहून जाणारी माणसं म्हणजे छायाचित्रकार, वादक, सजावटवाले, गाड्यांचे चालक. ही मंडळी दुपारपासून राबत असतात. त्यांची ताटं मोजून धरा आणि ती कोणत्या वेळी, कुठे मिळतील हे आधीच सांगून ठेवा. सगळे जेवून झाल्यावर उरलंसुरलं त्यांना देणं मला पटत नाही.

तिसरी पायरी: वाढण्याची पद्धत

बसून वाढलेलं जेवण, बुफे, लाइव्ह काउंटर (पाहुण्यांसमोरच पदार्थ करून देणं) किंवा नुसते फिरते ट्रे, यातलं काय ठेवायचं हे जागा आणि माणसं पाहून ठरतं. पदार्थ त्यानंतर येतात.

बसून वाढायचं असेल तर दर दहा-बारा पाहुण्यांमागे एक वाढपी लागतो. माणसं जास्त लागतात, पण अन्न मोजकं जातं आणि वयस्कर पाहुण्यांना फार सोयीचं होतं. बुफेला पंचवीस-तीस पाहुण्यांमागे एक माणूस पुरतो. मात्र प्रत्येक जण आपल्या हाताने घेत असल्याने अन्न दहा टक्के तरी जास्त धरावं लागतं.

बुफेचं खरं दुखणं रांग. मी घड्याळ लावून पाहिलं आहे: एका रांगेतून मिनिटाला साधारण तीन माणसं ताट भरून बाहेर पडतात. दोनशे पाहुणे आणि एकच रांग असेल तर शेवटच्या माणसाचा नंबर लागायला तासाहून थोडा जास्तच वेळ लागतो. तेच टेबल भिंतीपासून ओढून मध्ये आणलं आणि दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं, तर वेळ निम्मा होतो. खर्च काहीच नाही, फक्त सभागृहाच्या आराखड्यात आधी सांगायला हवं. दर शंभर माणसांमागे दोन्ही बाजूंनी खुलं असं एक टेबल धरा. पाणी, सॅलड आणि गोड मुख्य रांगेतून काढून वेगळ्या टेबलांवर ठेवा. रांग त्यांच्यापाशीच अडते. ताटं सुरुवातीला, चमचे आणि कागदी रुमाल शेवटी, म्हणजे वाढून घेताना हातात फक्त ताट राहतं. ज्यांना उभं राहणं झेपत नाही, त्यांच्यासाठी एक-दोन टेबलं राखून तिथे वाढपी द्या.

लाइव्ह काउंटर दिसायला छान दिसतो, पण एका तव्यावर मिनिटाला किती ताटल्या निघतात हे विचारा. उत्तर दोन असेल तर दीडशे लोकांना सव्वा तास लागणार. मग ताटल्या वाढवायला दुसरा तवा मागा, नाहीतर तो काउंटर ठेवू नका.

चौथी पायरी: पदार्थ निवडणं

आता यादी. आणि माझा आग्रह छोट्या यादीचा आहे. माणूस एका जेवणात जेवढं खातो तेवढंच खातो. वीस पदार्थ ठेवले म्हणून त्याचं पोट मोठं होत नाही. मात्र वीसपैकी कोणता पदार्थ जास्त उचलला जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. मग दोन गोष्टी होतात: लोकांना आवडलेला पदार्थ संपतो आणि उरलेले फेकले जातात. आठ पदार्थ असतील तर आचाऱ्यालाही प्रत्येकाकडे लक्ष देता येतं.

माझा साचा असा: फिरते स्टार्टर दोन किंवा तीन, मुख्य जेवणात एक रस्सा, एक कोरडी भाजी, सामिष चालत असेल तर त्याचा एकच पण भरपूर पदार्थ, धान्याचे दोन प्रकार (भात आणि पावासारखं काही), एक सॅलड, एक गोड आणि कापलेली फळं. यात एक तरी पदार्थ साधा, कमी तिखट, मऊ हवा. तो लहान मुलं, म्हातारी माणसं आणि पोट बिघडलेलं कुणीतरी, सगळ्यांनाच लागतो.

यादी तयार झाली की तिला काही प्रश्न विचारा.

दोन-तीन पदार्थांचा मूळ मसाला एकच आहे का? नावं वेगळी आणि चव एक, असं मोठ्या स्वयंपाकात सहज घडतं. केटररला सरळ विचारा, तो सांगतो.

उभ्याने खायचं असेल तर एका हाताने खाता येईल का? हाडं, काटे, सुरीने कापावे लागणारे मोठे तुकडे, ओघळणारा पातळ रस्सा हे सगळं बसून खाण्याचे पदार्थ आहेत. चांगल्या कपड्यांतल्या माणसाच्या एका हातात ताट असताना ते नकोत.

पदार्थ दीड तास थांबू शकतो का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. तळलेला कुरकुरीत पदार्थ झाकणाखाली ठेवला की स्वतःच्याच वाफेने दहा मिनिटांत मऊ पडतो. पास्ता आणि नूडल्स रस शोषून गोळा होतात. ड्रेसिंग आधीच घातलेलं पालेदार सॅलड सुकून जातं. सायीचा पातळ सॉस उष्णतेवर फाटतो. याउलट मंद शिजलेला रस्सा, कडधान्यं, भाजलेल्या कंदभाज्या, तूप किंवा तेल घालून मोकळा केलेला भात तासभर गरम राहूनही तसेच लागतात, रस्सा तर थोडा मुरतोच. तळलेलं हवं असेल तर ते फिरत्या ट्रेमध्ये ठेवा आणि थोडं थोडं तळायला सांगा. नाजूक पदार्थ बसून वाढण्याच्या जेवणात शोभतात.

आणि माझ्या मावशीचा मुद्दा. बुफेमध्ये शाकाहारी पदार्थ सगळेच घेतात, सामिष मात्र फक्त खाणारेच. म्हणून शंभरात तीस शाकाहारी असले तरी भाज्या शंभर जणांच्या हिशोबाने करायला सांगा. सामिष पदार्थ सत्तर जणांचा. माझ्या पहिल्या यादीत मी भाज्या फक्त शाकाहारी पाहुण्यांपुरत्या मोजल्या होत्या, ती चूक इथे होती.

पाचवी पायरी: ज्यांना काही चालत नाही असे पाहुणे

शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर आणि तीळ, गंभीर अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा यांचीच असते. निमंत्रणाला होकार घेतानाच विचारा: 'खाण्यातलं काही चालत नाही का?' धर्माने, व्रताने, आजाराने की आवडीने, ते कारण विचारायची गरज नाही.

अ‍ॅलर्जीच्या माणसाला नुसतं 'यात दाणे नाहीत' म्हणून भागत नाही. शेजारच्या भांड्यातला डाव इकडे फिरला, किंवा त्याच तेलात आधी दुसरं काही तळलं, तरी त्रास होऊ शकतो. म्हणून प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव, शाकाहारी आणि सामिष तळणाला वेगळं तेल, आणि भांड्यापुढे ठळक अक्षरांतली पाटी. पाटीवर पदार्थाचं नाव आणि त्यात गहू, दूध, दाणे, अंडं यांपैकी काय आहे ते लिहा. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या एक-दोन पाहुण्यांचं ताट स्वयंपाकघरातच वेगळं भरून, नाव घालून, झाकून ठेवणं सगळ्यांत सुरक्षित.

सहावी पायरी: किती करायचं

पूर्ण जेवणाला एका मोठ्या माणसामागे शिजलेलं अन्न सगळं मिळून पाचशे ते सहाशे ग्रॅम धरा, पेयं सोडून. पदार्थ वाढले तरी ही बेरीज फारशी वाढत नाही, तीच वाटली जाते.

तांदूळ शिजून अडीच ते तीन पट भरतो, म्हणजे शंभर माणसांना सात-आठ किलो तांदळाचा सुमारे वीस किलो भात होतो. मांस शिजताना पाव भाग तरी घटतं, म्हणून बिनहाडाचं कच्चं दीडशे ग्रॅम घेतलं तर ताटात एकशे दहाच्या आसपास येतं. भाज्या प्रत्येकी शंभर ग्रॅम, गोड ऐंशी ते शंभर ग्रॅम. फिरते स्टार्टर, पुढे जेवण असेल तर पहिल्या तासाला माणशी चार ते सहा नग. जेवणाऐवजी तेच असतील तर दहा-बारा.

केटररशी बोलताना 'तीनशे माणसांचं' म्हणू नका, प्रत्येक पदार्थाचे किलो विचारा आणि लिहून घ्या. शिवाय कच्चा माल थोडा राखून ठेवायला सांगा: मुख्य रस्सा आणि भात यांचा शेवटचा दहावा भाग समारंभ अर्ध्यावर आल्यावर शिजवावा. गर्दी कमी असली तर तो शिजतच नाही, आणि असली तर उशिरा आलेल्यांना ताजं मिळतं.

सातवी पायरी: टेस्टिंग

टेस्टिंगला, म्हणजे केटररकडे पदार्थ आधी चाखून पाहायला, चार माणसं न्या, त्यात एक वयस्कर आणि एक लहान मूल असू द्या. आई-वडील, वधू-वर आणि आठ मित्र असे गेलात तर गप्पा होतात, चव कळत नाही.

पदार्थ समोर आले की गरम असताना एक-एक चमचा चाखा आणि लिहा. मग केटररला विनंती करा की त्यातला थोडा थोडा भाग झाकून अर्धा तास ठेवा. तोवर चहा घ्या, कराराचं बोला. अर्ध्या तासाने झाकण काढा. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब पदार्थावर टपकतात, कडेने तेल वेगळं झालेलं दिसतं, मघाशी दाताखाली कुरकुरलेला तुकडा आता रबरासारखा वाकतो. तुमच्या निम्म्याहून जास्त पाहुण्यांना मिळणार आहे ती ही दुसरी चव. मी यादीतून काढलेले बहुतेक पदार्थ याच दुसऱ्या चमच्याला काढले आहेत.

मीठ-तिखट किती हवं ते तिथेच ठरवा आणि ताटलीचा फोटो काढून ठेवा. तुकड्याचा आकार समारंभात लहान होतो, तेव्हा हा फोटो कामी येतो.

आठवी पायरी: पेयं

आधी पाणी. उन्हाळ्यात तीन-चार तासांच्या समारंभाला माणशी लिटरभर, एरवी अर्धा-पाऊण लिटर पिण्याचं पाणी लागतं. ते एका कोपऱ्यात नको. दारापाशी, जेवणाच्या रांगेच्या शेवटी आणि वयस्कर मंडळी बसतात तिथे, असं तीन ठिकाणी हवं. पेले माणशी तीन धरा, लोक खाली ठेवतात आणि दुसरा घेतात.

स्वागताचं पेय एक गोड आणि एक बिनसाखरेचं ठेवा. लिंबू, पुदिना, आलं घातलेलं थंड पाणी बहुतेकांना रुचतं आणि मधुमेह असलेल्यांनाही घेता येतं. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत दोनशे मिलिलिटरचे दहा पेले होतात, त्यावरून हिशोब करा. बर्फ माणशी अर्धा किलो लागतो, गरमीत जास्त. पेल्यात घालायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आणि वेगळ्या डब्यात हवा. ज्यात बाटल्या गार केल्या तो पेल्यात जाता कामा नये. बाटल्या लवकर गार करायच्या तर नुसत्या बर्फात न ठेवता बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ एकत्र करून त्यात बुडवा.

मद्य ठेवायचं की नाही हा तुमच्या घरांचा निर्णय. दोन्ही घरांनी तो एकत्र बसून घ्यावा, एकाने गृहीत धरू नये. ठेवणार असाल तर तुमच्याकडचा कायदा, परवाना आणि सभागृहाचे नियम आधी पाहा. वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच पेले होतात. पन्नास ते पंच्याहत्तर पाहुण्यांमागे देणारा एक माणूस हवा, आणि ओतून देणारा तोच हवा, स्वतः घेण्याची पद्धत नको. सोबत खाणं सुरूच राहिलं पाहिजे. समारंभ संपण्याच्या तासभर आधी मद्य थांबवून चहा-कॉफी सुरू करा, पण चहा-कॉफीने नशा उतरत नाही. प्यायलेल्या पाहुण्याला घरी नेण्याची सोय आधीच करून ठेवा. न पिणाऱ्यांसाठीही मन लावून केलेलं एखादं पेय असावं, त्याच सुंदर पेल्यात.

केक कापणार असाल तर तोच गोड पदार्थ म्हणून मोजा. समोर दिसायला छोटा केक ठेवा आणि पाहुण्यांना द्यायचे तुकडे आत स्वयंपाकघरात साध्या केकचे कापा. चवीत फरक पडत नाही.

नववी पायरी: अन्न बिघडू नये म्हणून

जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ च्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलेलं अन्न वाढू नये. हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

चेफिंग डिश, म्हणजे खालून मंद आच दिलेलं बुफेचं भांडं, गरम अन्न गरम ठेवते, गार अन्न गरम करत नाही. त्यामुळे भांड्यात येणारं अन्न चुलीवरून वाफाळतंच यायला हवं. स्वयंपाकाचा सुई असलेला थर्मामीटर एका नातेवाइकाच्या हाती द्या आणि दर अर्ध्या तासाने टोचून पाहायला सांगा. जुन्या भांड्यात नवं अन्न ओतू देऊ नका; रिकामं भांडं उचलून भरलेलं आणावं. भाताकडे विशेष लक्ष द्या: त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भाषणं लांबणार असतील तर जेवण आधी लावून ठेवू नका.

दहावी पायरी: लेखी करार

पदार्थ आणि त्यांचे किलो, पक्का आकडा देण्याची शेवटची तारीख, वाढप्यांची संख्या, अन्न लावण्याची आणि उचलण्याची वेळ, भांडी फुटली तर काय, कचरा कोण नेणार, उरलेलं अन्न कुणाचं. हे सगळं कागदावर हवं. ठरलेला पदार्थ मिळाला नाही तर त्याऐवजी काय द्यायचं हे तुम्हाला विचारूनच ठरेल, असंही एक वाक्य घाला. उरलेलं अन्न देणार असाल तर घेणाऱ्या संस्थेशी आधी बोला. ते दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून, गार करून किंवा गरमच राखून पोचलं तर उपयोगाचं.

समारंभाच्या दिवशी केटररने कुणाला विचारायचं हे एका माणसावर सोपवा. तो वधू-वराचे आई-वडील सोडून कुणीही असू दे, फक्त त्याच्याकडे आकड्यांचा तक्ता आणि पदार्थांचे किलो हवेत. अर्धा समारंभ झाला की त्याने सगळ्या भांड्यांवरून एक फेरी मारावी, राखून ठेवलेलं शिजवायचं की नाही ते तेव्हाच ठरतं.

आणि वधू-वरांच्या जेवणाची वेळ कार्यक्रमातच लिहा. भेटायला येणाऱ्यांची रांग वीस मिनिटं थांबवली जाईल असं निवेदकाला सांगून ठेवा, आणि त्या वेळी दोघांची ताटं स्वयंपाकघरातून ताजी, गरम भरून आणायची जबाबदारी एका मावशीकडे किंवा काकाकडे द्या. आमच्याकडे हे काम आता आईची मावशीच करते. ताटं आणण्याआधी ती प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून आत पाहते.